मुंडकं नसलेला कांदा

ते गेले तो गुरुवार होता. सकाळी त्यांनी खुटबावहून भाजी भरली, पुण्याला उतरवली आणि शिरूरला घरी आले. जेवले. परसात जाऊन सऱ्यांना पाणी दिलं. मग खुर्चीवर बसले. मी चहा घेऊन गेले, हाक मारली, खांद्याला हात लावला. मग अम्मांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजनंतर पुरुष त्यांना घेऊन गेले.

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. ते, म्हणजे माझा नवरा, अम्मा आणि मी, घरात आम्ही तिघंच होतो. आम्हाला मूल नाही. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. जनाजा उचलला की दारापर्यंत जायचं आणि माणसं गल्लीच्या वळणाआड गेली की आत यायचं. पुढचं सगळं आम्हाला ऐकून ठाऊक. मय्यत खाली उतरवतात, वर फळ्या लावतात, मग आलेला प्रत्येक पुरुष तीन ओंजळी माती टाकतो. माझा भाऊ दौंडहून आला होता. परत आल्यावर त्याने अंगणातल्या नळावर हात धुतले. गढूळ पाणी फरशीवरून मोरीपर्यंत गेलं. मी ते जाताना पाहत राहिले. मान वर केली तेव्हा अम्माही तेच पाहत होत्या.

परसातल्या सऱ्या लीकच्या होत्या.

ही भाजी आमच्या भागात फारशी कुणी खात नाही. दिसायला माजलेल्या पातीच्या कांद्यासारखी, पण खाली गड्डा नसतो. मनगटाएवढा पांढरा दांडा, आणि वर चपटी हिरवी पानं, पंख्यासारखी दोन बाजूंना पसरलेली. त्यांची स्वतःची पिकअप होती. खुटबावच्या बाजूचे काही शेतकरी पुण्यातल्या हॉटेलांसाठी इंग्लिश भाजी करतात, ब्रोकोली, सेलरी असली. ती भरून नेणं हे त्यांचं काम. वाकडा किंवा बारीक निघालेला माल हॉटेलवाले परत करतात. तसली एक जुडी एकदा घरी आली. अम्मांनी तिच्यातला एक दांडा काढला, उलटा केला, मुळं झटकली.

"ह्याचं मुंडकं कुठाय?"

"असंच असतंय ते, अम्मा. लीक म्हणत्यात त्याला," ते म्हणाले.

"काय का म्हणंनात. एवढं अंग हाय आन् मुंडकं न्हाई. कुणी तोडलं म्हणावं?"

तेव्हापासून आमच्या घरात तेच नाव पडलं, मुंडकं नसलेला कांदा. तुमच्यामुळे हॉटेलात पाटी बदलावी लागणार, असं ते अम्मांना चिडवत.

मी ती भाजी पहिल्यांदा पातीच्या कांद्यासारखीच केली. वरून धुतली, बारीक चिरली, लसणाच्या फोडणीवर टाकली आणि बेसन पेरलं. पहिल्याच घासाला दाताखाली कचकच आली. ते ताटावरून उठले आणि एक दांडा उभा चिरून मला दाखवला. पापुद्र्यापापुद्र्यात काळी माती बसली होती, थेट गाभ्यापर्यंत. बाहेरून मात्र दांडा स्वच्छ. पुरलेला असतो ना, ते म्हणाले. मग मला कळलं की तो पांढरा भाग मुळात पांढरा नसतो. रोप वाढेल तशी त्याच्याभोवती माती चढवत जायची. जेवढं झाकाल तेवढं पांढरं होतं, जेवढं उघडं राहील तेवढं हिरवं. उसाला भर लावतात तशीच, फक्त पुन्हा पुन्हा. म्हणजे आपण खातो तो, ऊन कधीच न लागलेला भाग. ते हे सांगत होते तेव्हा मी पुढच्या खेपेची जुडी घेऊन विळीवर बसले होते. हे ऐकून चिरता चिरता माझा हात थांबला होता, ते आठवतं.

पुढे ती मला जमायला लागली. उभी चिरून मोठ्या पातेल्यात पाण्यात सोडायची, पापुद्रे बोटांनी सुटे करायचे, माती तळाला बसू द्यायची आणि भाजी हलक्या हाताने वरच्या वर उचलून घ्यायची. पाणी ओतायला गेलं तर सगळी माती परत तिच्यावर येते. तेलापेक्षा तूप बरं. आच मंद ठेवायची, कारण कांद्यासारखी लाल केली तर ती कडवट होते. नुसती मऊ पडली की खिमा घालायचा. तिचा वास कांद्याचा नसतो आणि लसणाचाही नसतो. दबका, गोडसर, शेजारच्या घरातून आल्यासारखा असतो. त्यांना तो खिमा फार आवडायचा.

विकत घ्यायची म्हटली तर शिरूरच्या बाजारात लीक मिळत नाही. एकदा ते आजारी असताना मी विचारून पाहिलं होतं. बाजारातल्या बाईने कांद्याच्या ढिगाकडे हात केला आणि म्हणाली, "मॅडम, मुंडक्यासकट मिळतोय की हितं, तो न्या." तिला आमच्या घरातलं नाव कुठून ठाऊक असणार, पण मी दचकले. शेवटी दौंडला माहेरी गेले असताना मंडईत सापडली. रेल्वेतली जुनी ख्रिस्ती कुटुंबं नाताळात तिचं सूप करतात, त्यांच्यासाठी एक म्हातारी आणून ठेवायची. पाच-सहा दांडे ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेले, दोन्ही टोकांना सुतळीने बांधलेले. मी ते तसेच मांडीवर ठेवून एस.टी.ने शिरूरला आणले.

यंदा पावसाळा सरल्यावर त्यांनी स्वतःच लावायचं ठरवलं. ज्यांची भाजी ते नेत त्या खुटबावच्या शेतकऱ्याने, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, रोपं दिली. लावायची रीत मला विचित्र वाटली. त्यांनी पहारीने सरीत वीतभर खोल भोकं पाडली, एकेका भोकात पेन्सिलीएवढं एकेक रोप सोडलं, आणि माती लोटलीच नाही. वरून नुसतं पाणी ओतलं. रोपं आपापल्या भोकात उभी, भोकं उघडी. असं उघडं कसं ठेवायचं, मी विचारलं. माती आपल्या पायांनी येते, ते म्हणाले, तिला घाई करायची नसते. पुढे रोपं वर आली तशी ते भर चढवायला लागले. शुक्रवारी गाडी बंद असायची. जुम्म्याच्या आंघोळीआधी ते परसात उकिडवे बसून, खुरपं न घेता, हाताने माती चुरून लावत. त्यांच्या हातून ते दोनदा झालं.

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घर सोडायचं नाही, याला आमच्यात इद्दत म्हणतात. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. रजा घेतली. वाचायला म्हणून आणून ठेवलेली पुस्तकं वाचली नाहीत. इद्दत मला जाचक वाटेल, असं माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना वाटत होतं. तसं झालं नाही. कुणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती, एवढं बरंच होतं.

आमच्या घरात आणखी एक रीत आहे. सगळ्यांकडे असेल असं नाही. गुरुवारी संध्याकाळी गेलेली माणसं दाराशी येतात आणि घरात आपली आठवण काढतात का ते बघतात, असं अम्मा मानतात. त्यांना खाता येत नाही, वास तेवढा घेता येतो. म्हणून मगरिबच्या सुमाराला ऊद जाळायचा, काहीतरी तुपात किंवा तेलात परतायचं आणि मागचं दार उघडं ठेवायचं. लग्न होऊन आल्यापासून मी हे पाहत आले होते आणि मनातल्या मनात बाजूला सारत आले होते. आता काय परतायचं, हे आम्हा दोघींना एकमेकींना विचारावं लागलं नाही. आप्पांनी नवीन ड्रायव्हर ठेवला होता, त्याच्या हातून ते दर गुरुवारी लीकची जुडी पाठवत. मी तूप तापवायची, लीक टाकायची. दाराबाहेर ओटा, ओट्याखाली परस, परसात सऱ्या, त्यांच्यापलीकडे भिंत, आणि भिंतीमागे घोडनदीकडे उतरत गेलेली मोकळी जागा. थोडा वेळ स्वयंपाकघर वासाने भरून जायचं. मग, वारा नसतानाही, तो वास अचानक पातळ व्हायचा. बाहेरून कुणीतरी श्वास घेतला की होईल तसा.

आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, लीकच्या बुंध्याशी माती वर चढलेली असायची.

पहिल्यांदा वाटलं, पाण्याने घसरली असेल. पाणी मीच देत होते, ओट्यावर उभं राहून, पाइप धरून. सऱ्यांत मी पाय ठेवत नव्हते, कारण तिथे शेवटचे पाय त्यांचे पडले होते. पण पुढच्या शुक्रवारी माती आणखी वर आली, आणि ती कोरडी होती. हाताने चुरलेली, एकही ढेकूळ नसलेली. वर ओंजळीचे खळगे उमटले होते. ओट्याच्या कडेला एक रोप होतं, तिथल्या खळग्याजवळ वाकून मी माझी ओंजळ धरून पाहिली. खळगा मोठा होता.

पायांचे ठसे कुठेही नव्हते. दोन सऱ्यांमधली जमीन मात्र ओट्यापासून भिंतीपर्यंत गुळगुळीत झाली होती, कुणी अंग ओढत नेल्यासारखी.

घरात दुसरं माणूस म्हणजे अम्मा. त्यांचे गुडघे केव्हाच गेले. नमाज खुर्चीवर, जेवण खुर्चीवर, ओट्याची पायरी उतरायची तरी माझा खांदा लागायचा. शुक्रवारी दुपारी मी पुढच्या खोलीत दार लावून गेलेल्या नवऱ्यासाठी कुराणातली यासीन वाचायची, तेव्हा अम्मा आपल्या खोलीत पडलेल्या असायच्या. त्यांचा विचार माझ्या मनात आला नाही. आला असता तर मी तो काढून टाकला असता.

मला आला तो विचार वेगळाच होता. अम्मांचं माहेर इनामगावच्या शेजारचं. त्या पोरवयात असताना तिथल्या टेकाडावर खोदकाम चालू होतं, तेव्हा त्या घमेली उचलायला जायच्या. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली तिथे. त्या वस्तीतली माणसं आपल्या मेलेल्यांना लांब नेत नसत. घराच्या जमिनीखाली, नाहीतर अंगणात पुरत. आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडत. हे मी नंतर ग्रंथालयातही वाचलं. का तोडत, याबद्दल पुस्तकं जपून बोलतात. मेलेल्याने उठून चालत येऊ नये म्हणून असेल, असं म्हणतात आणि पुढे सरकतात. अम्मांना कसलीच शंका नव्हती.

"जाऊ ने म्हणून," त्या म्हणायच्या. "दुसरं काय? आपलं माणूस आपल्या घरात ऱ्हावं."

एकदा जेवताना ही गोष्ट निघाली होती तेव्हा ते हसत म्हणाले होते की, चालता नाही आलं तरी सरपटता येईलच की. त्या गुळगुळीत ओळीकडे पाहिलं की मला ते वाक्य त्यांच्या आवाजात ऐकू यायचं.

याच दिवसांत दौंडहून भावाचे फोन सुरू झाले. त्याचं घर रस्त्याला लागून आहे. तो बोलायचा तेव्हा मागून पाटसकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर ऐकू यायचे. वरची खोली त्याने रंगवून घेतली होती. तिथल्या एका शाळेत ग्रंथपालाची जागा निघणार होती, त्याने शब्द टाकला होता. अम्मांना चौफुल्याला दिलेली त्यांची लेक न्यायला तयार होती. इद्दत संपली की ये, तो म्हणायचा. तिथं आता कोण आहे तुझं?

याचं माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते येतात, असं मला वाटत होतं. दर शुक्रवारी दुपारी, ज्या वेळेला त्यांना नेलं त्याच वेळेला. ते येत असतील तर मी घराला कुलूप लावून दौंडला जाऊ शकत नव्हते. आणि येत नसतील तर शिरूरला राहायला मला काही कारण उरलं नव्हतं. माझं पुढचं सगळं आयुष्य एवढ्यावर येऊन थांबलं होतं, आणि ते ठरवायला फक्त यासीन वाचता वाचता उठून मागच्या दारापर्यंत जायचं होतं. मी जात नव्हते. पाहिलं तर ते यायचे थांबतील, अशी भीती होती. पाहिलं आणि तिथे ते असले तर, अशीही होती.

थंडी सरता सरता आप्पा स्वतः आले. इद्दतीत मी परक्या पुरुषासमोर जात नव्हते, म्हणून ते परसात उभे राहिले आणि मी स्वयंपाकघराच्या जाळीच्या खिडकीतून बोलले. अम्मा पुढच्या खोलीत होत्या. सऱ्या तोवर चांगल्या दीड-दोन वीत उंच ढिगांसारख्या फुगल्या होत्या आणि पानांची फक्त टोकं बाहेर राहिली होती. आप्पांनी पानांचं एक टोक बोटाने हलवून पाहिलं.

"भाभी, भर लई झाली ही," ते म्हणाले. "जरा नाक तरी वर ठिवा त्याचं. पानांच्या पोंग्यात माती गेली तर आतनं सडतंय."

मी म्हटलं की, मी लावत नाही.

"मग? अम्मा?"

अम्मांना खाली बसता येत नाही, मी सांगितलं.

आप्पा वाकले. मातीची कड त्यांनी बोटाने चाचपली. "हात तर त्याचाच वाटतोय," ते म्हणाले. "अशी कड तोच धरायचा. मी दाखवाया गेलो तर म्हणला, आप्पा, मला घरचं शिक्षण हाय." मग ते हसले. "काम अर्धं टाकून जायची सवयच न्हवती त्याला."

हसू मधेच थांबलं. त्यांनी चहा घेतला नाही. पुढच्या गुरुवारपासून ड्रायव्हर जुडी पुढच्या फाटकावर देऊ लागला. मागच्या बाजूनं जाऊ नको म्हणून आप्पांनी बजावलंय, असं त्याने मला दाराआडून सांगितलं.

इद्दतीचा शेवटचा शुक्रवार आला. भाऊ रविवारी गाडी घेऊन येणार होता. माझी बॅग भरलेली होती, म्हणजे मी तिच्यात दोन साड्या आणि त्यांचा चष्मा ठेवला होता आणि आणखी काय ठेवायचं ते मला सुचत नव्हतं. अजान झाली. गल्लीतल्या चपला वाजल्या आणि थांबल्या. शुक्रवारच्या त्या वेळेला आमच्या गल्लीत पुरुष उरत नाहीत आणि बायका आत असतात. ऊन असतं आणि कुणी नसतं. मी यासीन उघडली. थोडी वाचली. मग खूण घालून मिटली आणि उठले.

मागचं दार लोटलेलं होतं. मी जाळीतून पाहिलं.

अम्मा दोन सऱ्यांच्या मधे जमिनीवर बसल्या होत्या, पाय पुढे पसरून. दोन्ही तळवे टेकून त्या आपलं अंग उचलायच्या, थोडं पुढे सरकायच्या आणि दम घ्यायच्या. पदरात माती होती. एका रोपाशी थांबल्या की ओंजळ भरायच्या, अंगठ्याने चुरायच्या आणि सोडायच्या. तीन वेळा. मग पुढचं रोप. ओठ हलत होते. त्यांचे हात माझ्या हातांपेक्षा मोठे आहेत, हे मला इतकी वर्षं एका घरात राहून त्या दिवशी दिसलं.

भीती गेली, पण बरं वाटलं नाही. कुणीतरी माझ्या हातातलं काढून घेतल्यासारखं वाटलं. मी ओट्यावर जाऊन उभी राहिले. अम्मांनी मागे वळून पाहिलं नाही.

"वाचून झालं?"

"नाही."

"मग जा की. माझं ऱ्हायलंय अजून."

मी आप्पांचंच बोलणं पुढे केलं, पोंग्यात माती जाते, ती सडतील, असं काहीतरी. अम्मांनी ओंजळ तशीच धरून ठेवली.

"समद्यांनी दिली," त्या म्हणाल्या. "गावानं दिली. तुझ्या भावानं दिली. ज्याला त्याचं नावबी धड ठाऊक न्हवतं त्यानं दिली. मी त्याला नऊ म्हैने वागवला. मला एक मूठ टाकू दिली न्हाई."

आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "तुला काय वाटलं, कोण करतंय?"

मी सऱ्यांमधल्या त्या गुळगुळीत ओळीकडे पाहिलं. त्यांना ते समजलं.

"आगं येडे," त्या म्हणाल्या, "तो आला असता तर आधी च्या मागितला असता."

मी पायरी उतरले आणि सरीत पाय ठेवला. अम्मांच्या शेजारी खाली बसले. त्यांनी पदरातली माती माझ्याकडे लोटली. कुठल्या रोपाला द्यावी ते मला उमगेना. कुठलंबी घे, त्या म्हणाल्या, समदी त्यानंच लावल्यात. मी माती दिली. ती उन्हाने वर गरम होती आणि चुरली की आतून गार निघत होती. शेवटच्या रोपापर्यंत आम्ही दोघी बसून सरकत गेलो. माती देताना काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून अम्मा मोठ्याने म्हणू लागल्या आणि मी त्यांच्या मागून. नमाज सुटून गल्लीत चपला वाजायला लागल्या तेव्हा त्यांना उठवायला मला फार जोर लावावा लागला. आतापर्यंत त्या एकट्या कशा उठत होत्या ते मी विचारलं. भिंतीला धरून, त्या म्हणाल्या. एकदा उठताच आलं नव्हतं, तेव्हा सरकत सरकत न्हाणीपर्यंत गेल्या होत्या, आणि मी तेव्हा आत वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा आपणहून म्हणाल्या, "काढ आता. लई दीस ठिवलं."

खुरप्याने भागलं नाही, कुदळ घ्यावी लागली. काही दांडे आतून सडले होते, हातात आले की निसटत होते. बाकीचे निघाले ते हाताच्या कोपरापर्यंत लांब, आणि जवळजवळ सबंध पांढरे. टोकाला बोटभर हिरवं. एवढी लांब लीक आप्पांच्या रानातही मी पाहिली नव्हती. मी ती ओट्यावर ओळीने ठेवली आणि मग ओळ मोडून पाटीत टाकली.

रविवारी भावासाठी खिमा करायचा होता. मी दांडे उभे चिरून पातेल्यात सोडले. माती सुटायला लागली. पाणी काळं झालं. मी ती भाजी उचलून दुसऱ्या पाण्यात टाकली. तिसरं पाणी घ्यायला उठले तेव्हा लसूण सोलत बसलेल्या अम्मा खालीच बघत म्हणाल्या, "लई धुऊ नगंस."

मी पातेलं खाली ठेवलं. मग भाजी तशीच निथळून तुपात टाकली.

भाऊ जेवायला बसला. दुसऱ्या घासाला त्याचा जबडा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, भाजीत रेती आहे," तो म्हणाला.

"माती हाय," अम्मा म्हणाल्या. "खा."

त्याने खाल्लं. आम्हीही खाल्लं. बराच वेळ तिघांच्याही जेवणाचा आवाज येत होता.

जेवण झाल्यावर त्याने बॅग कुठे आहे म्हणून विचारलं. मी येत नाही, असं मी त्याला सांगितलं. कारण विचारलं तेव्हा मला ते सोप्या शब्दांत सांगता आलं, याचं मलाच नवल वाटलं. इथे कुणी येत नाही, मी म्हटलं. पण अम्मांना खाली बसलं की उठता येत नाही. लेक घेऊन जाईल की त्यांना, तो म्हणाला. अम्मा आतून म्हणाल्या की, चौफुल्याच्या घराला परस नाही, सगळीकडे फरशी. मग त्या मला उद्देशून म्हणाल्या की, तू जा, मला काय होतंय. मी बॅगेतून चष्मा काढून कपाटात ठेवला. भाऊ संध्याकाळी एकटाच दौंडला गेला. वरची खोली त्याने आता भाड्याने दिली आहे.

मी कॉलेजात परत रुजू झाले. गुरुवारी संध्याकाळी मी काहीतरी परतते, साधा कांदा असला तरी चालतो, आणि मागचं दार उघडं ठेवते. वास बाहेर जातो. कधी एकदम जातो, कधी रेंगाळतो. त्याकडे मी पूर्वीसारखं लक्ष देत नाही, असं म्हणते.

सऱ्या मोडल्या. परस सपाट आहे. शुक्रवारी मी दुपारची सुट्टी घेऊन घरी येते. अम्मा ओट्यावर बसतात, मी त्यांच्या शेजारी बसते. माती हलत नाही. घरात अम्मा आहेत आणि मी आहे.